उसना आवाज

आडबंदरच्या समुद्रात दोन भोंगे होते आणि दोघांनाही स्वच्छतेची अजिबात आवड नव्हती. महिना उलटला की त्यांच्यावर शेवाळ आणि बारीक कालवं चढायची, आणि सुचिता कुबल ते होडीत ओढून खरवडायची. एक वर काढला की दुसरा खाली चालूच ठेवायचा, असा नियम होता. दोन्ही एकदम बंद करायचे नाहीत. अकरा वर्षांत भोंगे एकदाही एकदम बंद पडले नव्हते. सुचिताचा उजवा खांदा मात्र बंद पडत आला होता.

सरकारी कागदांत त्यांचं नाव 'साद यंत्रणा' होतं. गावाने पहिल्याच दिवशी त्याचा भोंगा केला, आणि खरं तर गावाचंच बरोबर होतं.

समुद्र मुका असतो हा जमिनीवरच्या माणसांचा गैरसमज आहे. जिवंत खडप, म्हणजे पाण्याखालचा पोवळ्यांचा खडक, फार बोलतं. बोटाएवढी एक कोळंबी आपली नांगी फाडकन मिटते, तेव्हा पाण्यात बुडबुडा फुटून 'चट्' असा आवाज होतो. अशा लाखो कोळंब्या एकाच वेळी नांग्या मिटत असतात, त्यामुळे खापरात लाह्या फुटाव्यात तसा आवाज रात्रंदिवस चालू असतो. त्यात मासे कण्हतात, गुरगुरतात, दगड कुरतडतात. माशांची पिल्लं जन्मतात मात्र लांब, उघड्या पाण्यात. तांदळाच्या कणीएवढी ती पोरं प्रवाहाबरोबर भरकटत असतात आणि कुठे उतरायचं ते बरंचसं कानांनी ठरवतात. जिथून गजबज ऐकू येते तिथे उतरतात. मुक्या खडपावरून पुढे निघून जातात.

पाणी तापत गेलं, पोवळी पांढरी पडून मेली, उरलंसुरलं ट्रॉलरवाल्यांनी तळ खरवडून नेलं. किनाऱ्यावरची खडपं एकामागून एक मुकी झाली. मुकी म्हणून पिल्लं येईनात आणि पिल्लं येत नाहीत म्हणून मुकीच राहिली. हा फेरा तोडण्यासाठी भोंगा. खडप जिवंत असताना घेतलेला आवाज मेलेल्या खडपावर वाजवायचा. पिल्लं फसतात, उतरतात, दगडावरचं शेवाळ खातात, शेवाळ गेलं की पोवळ्यांना बूड टेकायला जागा होते. खोटं पुरेसे दिवस नेटाने बोललं की खरं होतं, हे राजकारणात माहीत होतं. समुद्रातही चालतं हे नव्याने कळलं.

आडबंदरला ते चाललं. काचेच्या तळाच्या होड्या आल्या, घरोघरी न्याहारी-निवासाच्या पाट्या लागल्या. राखीव पाण्याच्या कडेला गाव रापण टाकी, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही अंगांनी ओढायचं ते अवाढव्य जाळं, आणि ती ओढताना माणसं पुन्हा गाऊ लागली होती. सुचिताचा नवरा उदय त्या रापणीचा तांडेल, म्हणजे मुखिया होता. गावात सुचिताला 'भोंग्याची वहिनी' म्हणत. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला यापेक्षा बरं नाव मिळायला हरकत नव्हती, पण ते कौतुकानेच म्हणत असत.

या वर्षी नवरात्र सरलं तरी कौलं कोरी होती. पिल्लं उतरली की नाही हे बघायला ती मंगलोरी कौलं दोरीला बांधून पाण्यात सोडी. एरवी या दिवसांत एकेका कौलाखाली पिल्लांची शाळा भरलेली असायची. या खेपेला तिने एक कौल उलटं केलं, दुसरं केलं, मग उरलेली वर काढायचा तिला कंटाळा आला. कंटाळा म्हणजे भीतीच होती, पण दमलेल्या माणसाला त्या दोन्हींतला फरक लवकर कळत नाही.

तिने पाण्यात सोडायचा माइक खाली सोडला आणि कानाला हेडफोन लावले. लाह्या फुटत होत्या. वीस मिनिटांचा तो आवाज तिला जन्माची ओळख असल्यासारखा पाठ होता. मधे एक जागा यायची, तिथे लाकडावर बोटाची पेरं आपटल्याचे तीन ठोके ऐकू यायचे. ठक, ठक, ठक. त्या जागी तिला नेहमी थोडं बरं वाटायचं.

ठोके आले. ती माइक वर घेणार, तेवढ्यात पुन्हा आले. बारीक, फाटके, दक्षिणेकडून. ठक, ठक, ठक.

सुचिता होडीत खाली बसली. हे ठोके जगात दोनच ठिकाणी होते. एक तिच्या भोंग्यात आणि दुसरे तिच्या आजारी बापाच्या उशाखालच्या फोनमध्ये.

बावीस-तेवीस वर्षांमागची गोष्ट. खाडीपलीकडे दक्षिणेला मोरवे हे सुचिताचं माहेर. तिथलं खडप तेव्हा जिवंत होतं. संशोधक मंडळी आली, त्यांनी तिच्या बापाची, आबा ताऱ्यांची होडी भाड्याने घेतली. समुद्राचा आवाज घेतात म्हणजे काय हे बघायला कॉलेजातली सुचिताही होडीत चढली, आणि ती या धंद्याला लागली ती तेव्हापासून. माइक पाण्यात सोडायच्या आधी आबांनी होडीच्या काठावर तीन वेळा पेरं आपटली. ताऱ्यांच्या घराण्यात जाळं असो, नांगर असो, काही पाण्यात सोडायचं तर आधी होडी वाजवायची. दार वाजवल्याशिवाय कोणाच्या घरात शिरू नये, असं आबा म्हणत. पण संशोधकांचा एक माइक आधीच पाण्यात होता, त्यात ते ठोके आले. दोन वर्षांनी पाणी तापलं आणि मोरव्याचं खडप मेलं. किनाऱ्यावरचा जिवंत खडपाचा तेवढाच एक धड आवाज मागे राहिला, म्हणून भोंग्यात तोच गेला.

आबा खाटेला खिळले तेव्हा सुचितानेच तो आवाज त्यांच्या फोनमध्ये घालून दिला होता. म्हाताऱ्याला बरं वाटेल म्हणून. त्या घरात तिचा भाऊ लवूही राहतो, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

संध्याकाळी संशोधन केंद्रातून डॉक्टर शेवड्यांचा फोन आला. शेवडे निवृत्तीला टेकले होते आणि बोलताना मधेमधे डोळे मिटायचे.

"सुचिताताई, दक्षिणेकडून कोणीतरी आवाज सोडतंय. आमच्याही यंत्रावर आलंय. विनापरवाना भोंगा."

"मी बघते, सर."

"शोधायला गस्तीची बोट सोडावी लागेल. सामान जप्त, होडी जप्त, माणसावर गुन्हा. मला हौस नाही हो. पण पिल्लं उतरायचे हेच दिवस आहेत. हे आठ दिवस गेले तर यंदाचं वर्ष गेलं."

"बोट सोमवारी सोडा. तोवर मी शोधते."

तिचं माहेर कुठलं हे शेवड्यांना ठाऊक होतं. "बरं. सोमवार," ते म्हणाले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. भावाचं नाव सांगावं तर तो आत जाणार. न सांगावं तर अकरा वर्षं तळहातावर जपलेलं खडप जाणार.

मोरव्यात लवूच्या घरासमोर घरापेक्षा मोठी पाटी होती: 'लवू साऊंड सर्व्हिस. दशावतार, लग्न, वाढदिवस, प्रचार.' मासे गेल्यावर लवू ताऱ्याने जाळी विकली आणि त्या पैशात कर्णे घेतले. होडी तेवढी ठेवली. दोन गावांच्या जत्रा एकाच दिवशी आल्या तर कोणाचा आवाज वरचढ झाला यावर त्याची अब्रू ठरायची, आणि त्याने ती कधी जाऊ दिली नव्हती.

आबा खाटेवर पडून फोन ऐकत होते. ठोक्यांची जागा आली की त्यांची बोटं चादरीवर तीनदा हलायची.

"आबा, बरा आसा मां?"

"बरा. लवू म्हणता, यंदा मासो येतलो खडपाक." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू दमलंस गो."

तिला हे आजवर कोणी असं सरळ म्हटलं नव्हतं, आणि एकदम डोळ्यांत पाणी आलं. ती बाहेर पडवीत गेली. लवू वायरी गुंडाळत बसला होता.

"खंय लावलंस?"

"काय?"

"लवू, माका येडी समजू नको. माज्या कानात ठोके दोनदा वाजतत."

लवूने वायर खाली ठेवली. "मोठ्या खडपाच्या कुशीत. निळ्या पिंपात बसवलंय. आत पाण्याचो थेंब जायत नाय, सगळीकडसून सिलिकॉन मारलंय." कामाचा अभिमान त्याला लपवता आला नाही.

"कित्याक पण?"

"तुमी कित्याक लावलास? तसाच."

"आमचो सरकारी आसा."

"यंत्र सरकारी. आवाज खंयचो सरकारी? आबांच्या होडयेतसून घेतललो तो. ह्या खडपाचो. आवाज आमचो आणि मासो तुमचो. आयत्या बिळावर नागोबा झालास तुमी."

ते खरं होतं. भोंगा मासे जन्माला घालत नव्हता. वाहून चाललेल्या पिल्लांना हाक मारत होता, एवढंच. आडबंदरला जी उतरली ती दुसरीकडे कुठे उतरली नाहीत. मोरव्याच्या खडपावर चुकूनमाकून जी चार उतरली असती तीही तिच्याच भोंग्याने बोलावून नेली होती. हे तिला ठाऊक होतं. माहेरी आल्यावर तो विषय काढायचा नाही, एवढं तिने सांभाळलं होतं.

"तुजो आवाज फाटता, लवू. लग्नाचो स्पीकर तो. पाण्यात इंजिनासारखो वाजता. पिल्लां भियान भायरच रवतत. ना तुज्याकडे येतत, ना माज्याकडे."

"म्हणान तर वाढवलंय."

"वाढवलंस?"

"येयत नाय म्हटल्यावर काय करूचा? पलीकडचो मांडव मोठ्यान वाजता तर आपल्याकय वाढवचोच लागता."

सुचिताला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच दमलं. पुस्तकात न सापडणारी ही चूक होती, आणि मोरव्यातला माणूसच ती करू शकत होता. बरं, आडबंदरने तरी दुसरं काय केलं होतं?

"सोमवारी गस्तीची बोट येतली. होडी जातली तुजी."

"जांव दे."

"आणि आबांका काय सांगतलंस?"

लवू पडवीच्या खांबाकडे बघत राहिला. "रोज इचारतत. मासो इलो काय रे? मी म्हणतंय, येता. दोन वर्सां म्हणतंय, येता, येता. खोटा बोलाचो कंटाळो इलो, म्हणान लावलंय ता पिंप. निदान एक तांबोशी तरी मेळात म्हटलंय. तेंच्या खडपावरची. तेंका भाजून घालूक."

आतून लाह्या फुटत होत्या.

"उद्या सकाळी होडी काढ," ती म्हणाली.

सकाळी समुद्र तेलासारखा शांत होता. ऑक्टोबरचं ऊन आठ वाजताच चटके देत होतं. मोठ्या खडपापाशी लवूने पिंपाचा दोर वर ओढला आणि बटण बंद केलं. सुचिताने माइक काढला. तो पाण्यात सोडण्याआधी लवूची पेरं होडीच्या काठावर तीनदा आपटली. लवूच्या लक्षातही आलं नाही.

दोघांनी हेडफोन लावले. खाली काही नव्हतं. लांब कुठेतरी एका ट्रॉलरची घरघर, होडीच्या पोटावर पाण्याची चाटाचाट, आणि कधीतरी एखादी चुकार कोळंबी. लवूने बराच वेळ कान दाबून धरले होते. शेवटी त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"मेला," तो म्हणाला.

"होय."

"इतके दीस मी मेल्याच्या कानात ओरडतंय?"

तिने मान हलवली. तिला वाटलं होतं, हे कळल्यावर तो मुकाट्याने पिंप काढेल आणि प्रश्न मिटेल. पण लवू तिच्याकडे बघत होता.

"तुजा आसा ता जिता आसा, ह्या तुका कशावरसून ठाऊक?"

"म्हणजे?"

"तू तरी कधी भोंगो बंद करून आयकलंस? तुजीय टेपच वाजत आसता. आतमधी काय आसा देव जाणे."

मासे डोळ्यांना दिसत होते, असं ती म्हणू शकली असती. पण मासे हाकेवर येतात आणि हाक थांबली की जातात असंही असू शकत होतं, आणि ते ती कितीतरी वर्षं मनात दाबून होती. पाचव्या वर्षी शेवड्यांनीच सुचवलं होतं, महिनाभर बंद ठेवून बघू या. गाव उसळलं होतं. हॉटेलवाले भडकले. निधी देणारे म्हणाले, चालतंय ते चालू द्या. पुढल्या वर्षी बघू, असं ठरलं, आणि तसं ते दरवर्षी ठरत गेलं. तेव्हा सुचिताने सुटकेचा श्वास सोडला होता. ऐकलं आणि काहीच ऐकू आलं नाही तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"चल," ती म्हणाली.

आडबंदरच्या राखीव पाण्यात लवूची होडी शिरताना बघून काठावरच्या दोघांनी हातवारे केले. सुचिताने त्यांना हात दाखवला. खडपाच्या डोक्यावर तिचा तराफा तरंगत होता, त्यावर सौर पत्रे आणि कुलूपबंद पेटी. तिने कुलूप काढलं. पहिला भोंगा बंद केला. दुसऱ्यावर बोट ठेवून ती तशीच उभी राहिली.

"थांबलंस कित्याक?" लवू म्हणाला.

"खांदो दुखता."

तिने बटण दाबलं.

माइक सोडताना या वेळी तिने आवाज टिपून घ्यायचं यंत्रही चालू केलं. लवूने पुन्हा होडी वाजवली. ठक, ठक, ठक. माइक खाली गेला.

आधी काहीच नाही. अकरा वर्षं, तिने मनात म्हटलं, आणि पुढचं वाक्य तिला सुचेना. गोंगाटातून आलेल्या कानांना शांततेत रुळायला वेळ लागतो, एवढंही ती त्या घडीला विसरली होती.

मग एक चट्. आणखी दोन. मग कोणीतरी खापर चुलीवर ठेवावं आणि ते हळूहळू तापावं तसं झालं. सगळीकडून, खालून, कडांवरून लाह्या फुटायला लागल्या. टेपेतल्यापेक्षा दाट, आणि पुढे काय येणार ते पाठ नसलेल्या. आणि मग खालच्या कपारीतून एक भलामोठा हुंकार आला, म्हाताऱ्याने जेवून ओटीवर यावं आणि घसा खाकरावा तसा. पुन्हा आला. हा आवाज टेपेत कुठेच नव्हता.

लवूचे डोळे मोठे झाले. "गोबरो मासो," तो पुटपुटला. "चांगलो मोठो आसा गो. आपल्याकडे खडपात असायचो तसो."

सुचिता तराफ्याला टेकून बसली. तिला रडू येत होतं आणि तिने ते येऊ दिलं. लवू दुसरीकडे बघत राहिला. बरं वाटून आलेलं रडं काही वेळाने बदललं, आणि तो बदल तिला स्वतःलाच कळला.

"लवू, ह्या आज बोलूक नाय लागला. ह्या कधीपासून बोलता आसतला. चार वर्सां, पाच वर्सां. माका ठाऊक नाय. आणि मी वरसून बोंबलतंय. सगळ्या किनाऱ्यावरची पिल्लां हंयच बोलवतंय. घर भरल्यावरय जेवणाची आमंत्रणां देतंय."

हे ऐकायलाच लवू काल भांडला होता, पण आता मिळाल्यावर त्याला त्याचं काही सुख झालेलं दिसलं नाही. शेवटी तो म्हणाला, "आता पुना चालू करतलंस?"

तिने पेटी बंद केली आणि कुलूप लावलं. मग दोर हातात घेतला. "हात लाव. माज्या खांद्यान व्हायचा नाय."

लवू पुढे झाला आणि थबकला. रापणीचा कायदा दोन्ही गावांत एकच होता: ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा. वाटसरूने लावला तरी, शत्रूने लावला तरी. आडबंदरच्या दोराला मोरव्याच्या माणसाने हात लावल्याला वर्षं झाली होती. सुचिता दोर धरून थांबली. लवूने तळहात शर्टाला पुसले आणि दोर धरला. दोघांनी मिळून भोंगा वर ओढला. कालवांनी भरलेला तो जडशीळ गोळा होडीत आला तेव्हा होडी एका अंगाला कलली.

शेवड्यांनी केंद्रात बसून तिच्या फोनवर नवा आवाज ऐकला. हुंकार आला तिथे त्यांचे मिटलेले डोळे उघडले. ऐकून झाल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"परवानगीला सहा महिने लागतील," ते म्हणाले.

"हंगाम आठ दिवसांचा आहे, सर."

"तेच म्हणतोय. तुम्ही असं लिहा, दोन्ही भोंगे दुरुस्तीसाठी काढले. आपल्याकडे दुरुस्ती लांबते, कोणी विचारत नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "दुरुस्तीनंतरची चाचणी मोरव्यात घेतली, असंही लिहा. आणि त्या दुसऱ्या भोंग्याचं काय? तो सापडला का?"

"काढला. आता वाजणार नाही."

"मग सोमवारची बोट नको."

उदयला सांगणं जास्त अवघड होतं. तो जेवत होता. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"दोनय बंद? गाव माका काय म्हणतला, ठाऊक आसा?"

"ठाऊक आसा."

"पुढल्या वर्सा मासो कमी इलो तर तोंड दाखवक जागा रवाची नाय माका."

"माकाय नाय."

"मगे?"

"मगे काय. दोघांय घरात बसया."

उदय तिच्याकडे बघत राहिला. विनोद होता की नव्हता हे त्याला ठरवता आलं नाही, आणि तिलाही. त्याने कालवणाचा वाडगा पुढे ओढला. "खांद्याक तेल लाव," तो म्हणाला. त्या घरात याहून मोठा होकार कधी दिला गेला नव्हता.

शनिवारी दोन्हींतला चांगला भोंगा मोरव्याच्या खडपात उतरला, आणि त्यात आडबंदरचा नवा आवाज घातला, अगदी बारीक. लवूला तो इतका बारीक ठेवणं म्हणजे शिक्षाच होती, पण त्याने बटणाला हात लावला नाही. मोठ्या खडपावर जाळं टाकायचं नाही, असं त्याने वाडीतल्या दहा घरांत जाऊन सांगितलं होतं आणि शिव्या खाऊन आला होता. किती वर्षं, असं सगळ्यांनी विचारलं होतं. पाच-सहा, तो म्हणाला होता. आबांकडे तेवढी वर्षं नव्हती, हे बहीणभावाला दोघांनाही ठाऊक होतं.

तिन्हीसांजेला दोघं आबांच्या खाटेशी बसली. कंदील लावावा तसा लवूने फोन उशाशी ठेवला. आबांना खरं सांगायचं असं वाटेत ठरलं होतं. खडप मेलं आहे, मासा तुमच्या हयातीत यायचा नाही, पण पुढे येईल. कोणी सांगायचं हे ठरायचं राहिलं होतं.

"नवो आवाज आसा, आबा," सुचिता म्हणाली. "आयका."

वाटेत ऐकून मधेच थांबवलेला आवाज लवूने तिथूनच पुढे सुरू केला, आणि आबांनी डोळे मिटले. लाह्या फुटायला लागल्या. म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी पडली. हा त्यांचा आवाज नव्हता, आणि तो वर्षानुवर्षं ऐकलेल्या त्यांच्या कानांना ते लगेच कळलं. मग हुंकार आला.

"गोबरो," आबा म्हणाले. "पयल्या टेपेत गोबरो नव्हतो. ह्यो खंयचो आवाज?"

सुचिताने लवूकडे पाहिलं. लवूने मान खाली घातली. तिने तोंड उघडलं, आणि आडबंदरचं नाव ओठांवर आलं, तेवढ्यात आवाज संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. यंत्र चालू करून तिने माइक अजून पाण्यात सोडलाही नव्हता तेव्हाचा तो क्षण.

ठक, ठक, ठक.

आबांची बोटं चादरीवर हलली. एकदा, दोनदा, तीनदा. आठी गेली.

"आमचोच," ते म्हणाले. "दार वाजवल्यान मां."

सांगायचं होतं ते सगळं सांगायचं राहिलं. लवू आपल्या बोटांच्या पेरांकडे बघत होता, जणू ती दुसऱ्याची होती.

"मासो इलो म्हणजे," आबा म्हणाले. "आता कित्याक ओरडतास? आवाज कमी कर. झोपतंय मी."

लवूने हात पुढे केला आणि आवाज कमी केला. त्याच्या उभ्या आयुष्यात हे काम दोनदा सांगितल्याशिवाय पहिल्यांदाच झालं होतं.